भाचीचा झोका आणि दोन कॅमेरे

फोनवरच्या फोटोंचं कौतुक झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा घेऊन बसलो. सोबत आली १८-५५ एमएमची किट लेन्स. पहिल्याच संध्याकाळी झोक्यावरच्या भाचीचे चाळीसेक फोटो काढले, सगळे हललेले. ताईने शेजारी उभं राहून फोनवर एकच काढला, तो लगेच घरच्या ग्रुपवर गेलाही. "मामा, तुझ्या कॅमेऱ्यात मी भूत दिसते," भाचीने निकाल दिला.

रात्री फोटोंची माहिती उघडून बसलो. शटर (किती वेळ उघडं) १/३० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००. सगळं ऑटोवर सोडलं होतं मी. १/३० सेकंदात झोका सहज चार बोटं सरकतो, मग चेहरा कसा टिकणार? आणि ही लेन्स झूम करून ५५ला नेली की एफ/५.६हून जास्त उघडतच नाही. फोन एका क्लिकमध्ये चार-पाच फ्रेम घेऊन जुळवतो, सावल्या उजळतो, आपल्या चुका गुपचूप पोटात घालतो. कॅमेरा पोटात काही घालत नाही. पण ताईचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा भाचीच्या बटा ओल्या कुंचल्याचा फराटा मारावा तशा दिसत होत्या. (हे ताईला सांगितलं नाही.)

मग मित्राची ५० एमएम, एफ/१.८ लेन्स मागून आणली. एफ/५.६च्या जवळजवळ दहापट प्रकाश. आयएसओ तेच ठेवून शटर १/२५० केलं, तरी फोटो तेवढाच उजळ! केस सुटे दिसले, दोराचा पीळसुद्धा मोजता येत होता, आणि मागचं सगळं धूसर विरघळलेलं. फक्त अर्ध्या फोटोंत फोकस त्या दोरावरच होता आणि चेहरा धूसर. चाळीसात सहा धड निघाले.

एक कोडं राहिलं होतं. एफ/१.८ माझ्या फोनवरही लिहिलंय, मग मागचं असं विरघळत का नाही? गणित सोपं निघालं: फोकल लेंग्थला (लेन्सवरचा एमएमचा आकडा) १.८ने भागायचं, की भोकाची रुंदी मिळते; भोक मोठं तितकं मागचं जास्त विरघळतं. मित्राच्या लेन्सचं भोक जवळपास २८ मिलिमीटर उघडतं. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटर, म्हणजे भोक जेमतेम चारचं. म्हणून फोनचा पोर्ट्रेट मोड मागचं धूसर हिशेबाने रंगवतो, आणि त्यात माझ्या चष्म्याची एक काडी दोनदा गायब झालीय.

खिडकीसमोरचा माणूस, अंधारी खोली, घाईचं काहीही असेल तर मी अजूनही फोनच काढतो. असा प्रकाश कॅमेऱ्यात सांभाळायचा तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) घेऊन संगणकासमोर बसावं लागतं, आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. झोका, पळणारं कुत्रं, लांबचा पक्षी असेल तर मात्र कॅमेरा. पक्ष्यासाठी आता लांब पल्ल्याची लेन्स हवी, हे घरी अजून बोललेलो नाही.

त्या सहांपैकी दोन ग्रुपवर टाकले. ग्रुपचा डीपी ताईच्या फोनवरचाच आहे.