सायकोनॉमिकच्या अधिवेशनाला जाताय? माँट्रियलचा वृत्तांत

सायकोनॉमिक सोसायटी या प्रायोगिक मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन दर नोव्हेंबरात भरतं, शहर मात्र बदलत असतं. २०१९ चं साठावं अधिवेशन १४ ते १७ नोव्हेंबरला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये होतं. पीएचडीच्या कामाचं पोस्टर, म्हणजे संशोधन थोडक्यात मांडणारा मोठा तक्ता, घेऊन मी गेले होते.

आधी संस्थेविषयी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये उपचार आणि व्यवसायाच्या प्रश्नांचा पगडा वाढत चालला, तेव्हा वैतागलेल्या प्रायोगिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये वेगळी चूल मांडली. त्यामुळे इथे समुपदेशन किंवा व्यक्तिमत्त्व विकास शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. स्मृती, अवधान, भाषा, दृष्टी, निर्णय हे इथले विषय, आणि बहुतेक ठिकाणी मोजमाप मिलिसेकंदांत.

एकेका भाषणाला वीस मिनिटं, त्यातली शेवटची पाच प्रश्नांसाठी. एकाच वेळी अनेक दालनांत सत्रं चालू असतात. या दालनातून त्या दालनात धावणारे खूप दिसले; मला तो प्रकार व्यर्थ वाटतो. अर्धं भाषण ऐकून हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा एक सत्र निवडून शेवटपर्यंत बसा.

खरी जत्रा पोस्टरांची. ज्यांचे शोधनिबंध वाचून आपण पीएचडीला लागलो, ती माणसं गळ्यात बिल्ला अडकवून शेजारच्या पोस्टरपुढे उभी असतात. बिचकू नका. 'दोन मिनिटांत सांगाल का?' एवढं विचारलं की समोरचा खुशीत सुरू होतो. स्वतःच्या कामाचंही दोन मिनिटांचं रूप तोंडपाठ ठेवा. एवढ्या लांब आलोय म्हणून सगळं सांगायचा मोह होतोच. पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी घालून केबिन बॅगेत मावतं, लांबलचक नळकांडं विमानात सांभाळत बसावं लागत नाही.

जमलं तर एक दिवस आधी पोचा. मुख्य अधिवेशनाला जोडून छोट्या संस्थांच्या बैठका असतात. संगणकाधारित प्रयोग करणाऱ्यांनी सोसायटी फॉर कॉम्प्युटेशन इन सायकॉलॉजीची बैठक चुकवू नये. गर्दी कमी, ओळखी जास्त.

माँट्रियलचं सभागृह म्हणजे पाले दे काँग्रे. रंगीत काचांची भिंत, आत काँक्रीटची गुलाबी झाडं. प्लास दार्म मेट्रो स्टेशनातून थेट आत जाता येतं. नोव्हेंबरात बाहेर बर्फ असू शकतो, तेव्हा भुयारी रस्त्यांचं जाळं समजून घ्या. विमानतळावरून ७४७ क्रमांकाची बस रात्रंदिवस शहरात येते, टॅक्सीची गरज नाही. पलीकडेच चायनाटाऊन असल्यामुळे जेवणाची सोय होते. शाकाहाऱ्यांनी पुटीन (तळलेले बटाटे, चीज आणि वरून ग्रेव्ही) मागवण्याआधी ग्रेव्ही कशाची आहे ते विचारावं, बहुधा मांसाचीच असते.

आणि थोडा वेळ काढून मॅकगिल विद्यापीठाच्या परिसरात वर चढून जा. तिथे मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ मध्ये उभारलेली माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट आहे. इथल्याच मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर हेन्री मोलेसन या रुग्णाला तपासायला रेल्वेने अमेरिकेतल्या हार्टफर्डला जात. १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या नव्या आठवणी टिकत नव्हत्या. मिल्नर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण आधी कधी हे केलंय हे त्याला आठवत नसे. घटना आठवणारी स्मृती वेगळी आणि हाताला लागलेली सवय वेगळी, हे त्यातून उघड झालं. अधिवेशनातली स्मृतीवरची अर्धी पोस्टरं या एका माणसाची ऋणी आहेत, असं मी म्हणेन. आम्ही गेलो तेव्हा मिल्नर १०१ वर्षांच्या होत्या. संस्थेच्या दर्शनी दालनात चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला सारणाऱ्या स्त्रीचा पुतळा आहे. इमारतीत रुग्णालय चालू असतं, तेव्हा तिथूनच परत फिरावं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या कामाचा गोषवारा अधिवेशनासाठी स्वीकारल्याचं पत्र हाती पडताच व्हिसाचा अर्ज करावा. रविवारी सकाळीही भाषणं असतात आणि तोवर निम्मे लोक निघून गेलेले असतात. प्रश्न विचारायला हीच वेळ उत्तम, म्हणून परतीचं विमान संध्याकाळचं घ्या.