ओहायोच्या सर्जनसाठी टेक्सासचं टेंपररी परमिट काढलं तो अनुभव

मी ह्यूस्टनला एका हॉस्पिटलच्या सर्जरी डिपार्टमेंटमध्ये कोऑर्डिनेटर होते, म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टरांचे कागद सांभाळणारी. २०१९ मध्ये आमच्या चीफनी ठरवलं की ओहायोचे एक हर्निया सर्जन बोलवायचे, एक दिवस लेक्चर आणि कॅडॅव्हर लॅब (मृतदेहावर ऑपरेशनचा सराव), दुसऱ्या दिवशी रेसिडेंट्सना, म्हणजे शिकाऊ सर्जनना, दाखवायला लाइव्ह केस, खऱ्या पेशंटचं ऑपरेशन, आणि लायसन्सचं काय ते तू बघ. झालं, पडलं माझ्या गळ्यात.

सांगलीचा माझा दादा स्वतः डॉक्टर, तो फोनवर हसायलाच लागला, "अगं अमेरिकेतल्या अमेरिकेत कसलं लायसन्स?" पण इथे प्रत्येक राज्याचं मेडिकल बोर्ड वेगळं, ओहायोचं लायसन्स टेक्सासात चालत नाही. राज्यांचा आपसातला लायसन्सचा करार, कॉम्पॅक्ट, तेव्हा सुरू झाला होता पण टेक्सास त्यात नव्हतं (त्यात सामील व्हायचा टेक्सासचा कायदा २०२१ चा), आणि असतं तरी त्यातून मिळतं ते पूर्ण लायसन्स, एका केससाठी एवढा खटाटोप कोण करणार.

मग सापडलं व्हिजिटिंग फिजिशियन टेंपररी परमिट. शिकवण्यासाठी किंवा गरजूंच्या सेवेसाठी येणाऱ्या डॉक्टरला मिळायचं, तेव्हाच्या नियमाने जास्तीत जास्त १० वर्किंग डेज. पण अर्जाला हात घालायच्या आधी एकच विचारायचं, पाहुण्यांचा हात पेशंटला लागणार आहे का? लेक्चरला परमिट नको, कॅडॅव्हर लॅबलाही नको. ते हात धुऊन, गाऊन घालून टाके घालणार म्हटलं की ती मेडिकल प्रॅक्टिस, तिला परमिट हवं. त्यामुळे आमचा अर्ज फक्त दुसऱ्या दिवसापुरता झाला, निम्मं काम तिथेच हलकं.

गंमत म्हणजे कागद पाहुण्यांइतकेच यजमानाचेही लागतात. टेक्सासचं लायसन्स असलेल्या डॉक्टरने लेखी द्यायचं की पूर्ण वेळ सुपरव्हिजन माझी, आणि त्याच्या लायसन्सवर कसलंही बंधन नको. चीफना जरा झोंबलंच, म्हणे माणूस माझ्याहून सीनियर आणि सुपरव्हाइज मी करायचं? केली सही.

परमिट आलं म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शिरता येतं असं मात्र नाही हं, हॉस्पिटलची प्रिव्हिलेजेस, म्हणजे तिथे ऑपरेशन करायची हॉस्पिटलची स्वतःची परवानगी, वेगळी. हॉस्पिटलला मालप्रॅक्टिस इन्शुरन्सचं (डॉक्टरच्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) पत्र हवं, आणि पॉलिसी ओहायोची, ती टेक्सासातली केस कव्हर करते का हे इन्शुरन्सवाल्यांकडून लेखी मिळवताना माझा अर्धा जीव गेला, बोर्ड परवडलं.

केसच्या आदल्या दिवशी ओटी शेड्यूलिंगने आमची केस परस्पर दुसऱ्या कॅम्पसला हलवली, तिकडे रूम मोठी आहे म्हणून. परमिटवर जागा आणि उद्देश दोन्ही लिहिलेले असतात, आणि आमच्यावर पत्ता मेन बिल्डिंगचा. मी प्रिंट घेऊन खाली गेले, त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले, तोंडं वाकडी झाली पण केस परत आली.

कन्सेंटवर, म्हणजे पेशंटच्या संमतीपत्रावर, पाहुण्यांचं नाव स्पष्ट घातलं होतं. पेशंटच्या बायकोने बरोबर विचारलं, हे उद्या ओहायोला गेल्यावर टाक्यांना काही झालं तर कोण बघणार? म्हणून त्याच कागदावर खाली ऑपरेशननंतरची जबाबदारी चीफची असं लिहून तिला वाचून दाखवलं, मगच सही झाली.

आता कोणी करत असाल तर टेक्सास मेडिकल बोर्डाचे नियम २०२५ च्या जानेवारीत नव्याने लिहिलेत, दिवस आणि फॉर्म त्यांच्या साइटवरूनच घ्या, माझ्या वेळचे धरू नका.