आजीचा बेकायदा राघू

भाचीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हाच मला कळलं होतं, याचे कागद माझ्याच गळ्यात पडणार. आमच्या घरात अर्ज भरायचं खातं माझ्याकडे आहे. त्याबद्दल तक्रार नाही. सरकारी अर्ज मी चवीनं वाचते. दुपारची जेवणं झाली आणि परवान्याचा अर्ज उघडला. प्राण्याचं नाव : भाकरी. रंग : भाकरीचाच. रेबीजची लस दिल्याचा दाखला जोडा, जोडला. जात? भाकरी आमच्या मागच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाऱ्यात जन्मली. मी 'देशी' लिहिलं. भाची म्हणाली, "मावशी, इंडी लिही ना, हल्ली तसंच म्हणतात." मी 'देशी'च ठेवलं.

कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो हे पुष्कळांच्या गावीच नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते "बघू" म्हणतात. पुण्यात २०२२ साली मांजरांचीही नोंदणी करायचं ठरलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसभर विनोद चालले होते. हसण्यासारखंच होतं म्हणा. आमच्या वाड्यातलं मांजर चार घरी दूध पिऊन पाचव्या घरी बाळंत व्हायचं. त्याच्या अर्जावर मालक म्हणून सही कोणी केली असती?

आणि वाडा आठवला की राघू आठवतोच.

आजी कायद्याला फार धरून. पीएमटीत गर्दीमुळे कंडक्टर पोचला नाही, तर उतरण्याआधी ती हाका मारमारून त्याला बोलवायची आणि तिकीट घ्यायची. मागचे लोक खोळंबले तरी चालतील. रेडिओला लायसन्स लागायचं त्या काळातलं पोस्टाचं पुस्तक तिनं लायसन्स रद्द झाल्यावरही ट्रंकेत जपलं होतं. उद्या कोणी विचारलं तर? अशा बाईच्या गॅलरीत कितीतरी वर्षं धडधडीत गुन्हा टांगलेला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर सरसकट बंदी आली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आमचा राघू त्याच्याही नंतरचा, म्हणजे पळवाटसुद्धा नाही. गंमत अशी की वाड्यात तळमजल्यावर एक हवालदार राहायचे. रविवारी बनियनवर जिना चढून यायचे आणि आरोपीला पेरूची फोड भरवून जायचे.

'विठू विठू' म्हणायला राघूनं पहिल्यापासून साफ नकार दिला. आजीनं भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, सगळे उपाय केले. तो शिकला ते भलतंच. शेजारच्या नानांचा सकाळचा खोकला त्यानं असा उचलला, की नाना गावाला गेले तरी खोकला वाड्यातच असायचा. मग कुकरची शिट्टी. आजी देवापुढे बसून शिट्ट्या मोजायची, त्यातली एखादी राघूची निघायची, आणि त्या दिवशी आमटीत डाळ टणक. आजोबा निमूट जेवायचे. पोपटावर चिडून काय उपयोग, आणि आजीवर चिडायची सोय नव्हती.

एकदा पिंजरा धुताना तो उडाला. आजी काही दिवस गॅलरीत मिरची ठेवत राहिली, मग पिंजऱ्यात कांदे-बटाटे ठेवायला लागली. हवा चांगली खेळते म्हणाली.

आज दुकानात लव्हबर्ड किंवा बजरीगर राजरोस मिळतात. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो चालतो, आणि समोरच्या पिंपळावरचा पोपट पाळला तर तुरुंग. पहिल्यांदा ऐकलं की हे उफराटं वाटतं. पण दुकानातला बजरीगर पिंजऱ्यातच अंड्यातून निघालेला असतो, त्याचे आजे-पणजेही पिंजऱ्यातलेच. आपला पोपट तसा कोणी पैदा करत नाही. तो ढोलीतून काढावा लागतो.

प्राण्यांच्या बाबतीत सरकार आणि माणसं यांचं जमत नाही ते आजचं नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. भटकी कुत्री मारायचा हुकूम होता, कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे शिपाई लोकांच्या दारातली पाळीव कुत्रीही मारायला लागले. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतावर पडावी लागते, इतकं त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान. भर सणाच्या दिवशी हे चाललेलं पाहून ते रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. आमच्या सोसायटीत रसद अडत नाही, फक्त लिफ्ट अडते. 'लिफ्टमध्ये कुत्रे नेऊ नयेत' अशी पाटी आहे. तशी बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांत स्पष्ट आहे. मी त्याची प्रिंट काढून पाटीशेजारी चिकटवली. आता भाकरी लिफ्टनं जाते आणि पाटी लावणारे काका जिन्यानं. त्यांचं वजन उतरलंय असं काकू सांगत होत्या.

राघू आला कसा, तेही आठवतं. दारावर एक माणूस आला होता, टोपलीवर ओलं फडकं टाकलेलं. फडकं बाजूला केलं तर आत नुसत्या चोची. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे नीट उघडलेले नाहीत, एकावर एक पडलेली पिल्लं, काही हलत होती, काही नव्हती. आम्ही पोरं टोपलीभोवती दाटी करून होतो. आजीनं सगळ्यात जास्त ओरडणारं निवडलं. जो ओरडतो तो जगतो, असं तिचं म्हणणं. माणसांबद्दलही तेच म्हणायची. फडकं पुन्हा झाकून तो माणूस पुढच्या वाड्यात गेला. घासाघीस करून आजीनं त्याच्याकडून पाच रुपये कमी करून घेतले होते, आणि ते ती पुढे आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची.