तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्याचा बीट, म्हणजे ठेका, बनवायचं मशीन बडोद्यात खपेल का?

दांडिया बाजारात आमचं वाद्यांचं दुकान. महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, "काका, लॅपटॉपशिवाय गाणं बनवायची ती मशिनं आपल्याकडे चालतील का? एजन्सी घेऊ का?"

चौकशा मोजून ठरवायला गेलात तर माझ्यासारखं फसाल. 2012 साली आकाई कंपनीने एमपीसी या आपल्या बीट बनवायच्या मशीनला कॉम्प्युटरच्या दावणीला बांधलं आणि 2017 मध्ये एमपीसी लाइव्ह काढून सोडवलं. आत बॅटरी, कॉम्प्युटर नको. एवढी मोठी कंपनी मागे फिरली म्हणजे मागणी असणारच, असा माझा हिशोब. मागणी होतीही, पण ती दांडिया बाजारातली नव्हती. मी दोन मशिनं मागवली. पोरं यायची, पॅड बडवायची, व्हिडिओ काढायची, "सरस छे, काका" म्हणून निघून जायची. एक मशीन शेवटी पडत्या भावात गेलं. दुसरं भाचा वापरतो, अर्थात फुकट.

तेव्हापासून विचारणाऱ्याकडे मी पाचशे रुपये बयाणा मागतो. माल आला नाही तर परत. बरेच जण "घरी विचारून येतो" म्हणून जातात ते परत दिसत नाहीत. उरतात ते मी मोजतो.

गंमत म्हणजे लॅपटॉपशिवाय चालणारं एक मशीन गरब्याच्या प्रत्येक स्टेजवर असतंच, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही: ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम. रोलँड कंपनीने तो 1985 मध्ये आणला. तो वाजवणारा दुकानात आला की मेमरी किती, स्क्रीन केवढी असलं काही विचारत नाही. "हींच आणि खेमटा या गरब्याच्या तालांचे आवाज भरून मिळतील का? आठव्या रात्री बंद पडला तर कोण बघेल?" हे विचारतो. दुरुस्तीचं विचारणारा माणूस घेणारा असतो, हा माझा अनुभव. त्याचं नऊ रात्रींचं मानधन त्या पॅडवर अवलंबून असतं. घरी बीट बनवणाऱ्या पोराचं काय अडतं? त्याच्याकडे लॅपटॉप आहे, सॉफ्टवेअर कुठून आलं ते मी विचारत नाही. संगीत शिकणारी मुलं पूर्वी आमच्याकडून इलेक्ट्रॉनिक तानपुरा न्यायची, आता फोनवर अॅप लावून बसतात. मशीनची खरी स्पर्धा त्या फुकटाशी आहे.

सेकंडहँडचा भावही बघावा, पण जपून. रोलँडचं टीआर-808 हे ड्रमचे आवाज काढणारं मशीन 1980 ते 83 एवढंच बनलं, साधारण बारा हजार नग. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. तिथूनच ते हिपहॉपवाल्या पोरांच्या हाती लागलं. आज त्याच जुन्या नगांना लाखांत भाव आहे. म्हणून नुसता पडलेला भाव बघू नका. त्या भावात कोण उचलतंय आणि घरी नेऊन काय करतंय, तेही बघा.

एजन्सीचं नंतर बोलू. आधी भाच्याकडचं मशीन न्या आणि नवरात्रीच्या आधीचे दोन महिने भाड्याने देऊन बघा. अॅडॅप्टर तेवढा सांभाळा, तो इथे मिळत नाही.