मे महिन्याचा फळा

1988 साली नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी दिनविशेषाचा फळा माझ्या गळ्यात मारला. कारण काय, तर बाईंचं अक्षर बरं आहे. पुढे सातारा जिल्ह्यातल्या चार शाळा झाल्या, पण फळा काही सुटला नाही. सकाळी परिपाठाच्या आधी वऱ्हांड्यात स्टुलावर चढायचं, कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. खाली मुलांचे वाढदिवस.

1 मेला झेंडावंदन आणि निकाल. प्रगतिपत्रकं घेऊन पोरं पांगली की शाळेला कुलूप. जूनच्या मध्यावर ते उघडलं की फळ्यावर धुळीखाली 'महाराष्ट्र दिन' तसाच. शाळेपुरतं बोलायचं तर दर वर्षी दीड महिना 1 मेच चालायचा.

मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. एकदा चौथीतला एक मुलगा तक्रार घेऊन आला, "बाई, माझा वाढदिवस फळ्यावर कधीच येत नाही." तारीख विचारली तर 9 मे. समजूत काढायची म्हणून म्हटलं, "अरे, गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म त्याच दिवशीचा, 1866 सालचा. कोकणातल्या कोतळूकचे ते."

"त्यांचं पण नाही लिहीत तुम्ही," तो म्हणाला.

काय बोलणार? त्या रात्री डायरी घेऊन बसले. 9 मेलाच 1959 साली कर्मवीर भाऊराव गेले. ज्यांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ज्यांच्या रयतच्या शाळांत आमचा अर्धा जिल्हा शिकला, ते. 22 सप्टेंबरला त्यांच्या जयंतीची मिरवणूक निघते, लेझीम असतं, सगळं असतं. पुण्यतिथीला मात्र शाळेत चिटपाखरू नाही. शाहू महाराज 1922 साली 6 मेला गेले, त्यांचंही तेच. अहिल्याबाईंचा जन्म 31 मेचा. एवढी मोठी माणसं, आणि आमच्या मुलांना त्यांच्या तारखा ठाऊक नाहीत, कारण त्या दिवशी ती मामाच्या गावाला विहिरीत पोहत असतात. पोहावंच म्हणा.

माझी स्वतःची तारीखही सुट्टीतलीच, 1 जून. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली की आया सांगायच्या, "बेंदराच्या आदल्या दिवशी झाली बघा." मास्तर वय मोजायचे आणि 1 जून टाकून मोकळे व्हायचे. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. त्यामुळे 31 मे 2023 ला, बरोबर अहिल्याबाईंच्या जयंतीला, कुलूपबंद शाळेतून मी निवृत्त झाले. निरोपाचा नारळ महिनाभर आधीच मिळाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारातून एक लहान फळा आणला आणि आमच्या ओट्यावर टांगला. यजमान म्हणाले, "पेन्शन घेऊन परत तेच?" आळीत पुण्या-मुंबईची नातवंडं आलेली असतात, दुपारी उन्हात कुणी सोडत नाही, मग ती ओट्यावर येऊन बसतात. म्हटलं, चला, पट तर भरला.

3 मेला 'राजा हरिश्चंद्र' लिहिला. 1913 साली गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. पोरांना सगळ्यात आवडलं ते हे, की तारामती झाले होते अण्णा साळुंके. बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा हा माणूस फाळक्यांनी हेरला. त्यावर तासभर हसणं चाललं. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून वर फिल्मला भोकंही पाडायच्या, हे मी दोनदा सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात मात्र मी 1 तारखेपासून एक वेगळी ओळ चालवली होती : 'पंढरपूर 1947. उपोषणाचा दिवस पहिला.' दुसऱ्या दिवशी 'दुसरा'. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं, म्हणून साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपाशी बसले होते. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून, सभा घेऊन सांगून झालं होतं. एवढंच सांगितलं आणि रोज फक्त आकडा बदलत गेले.

तिसऱ्या दिवशी विचारणा झाली, पाणी तरी पितात का? पाचव्या दिवशी मुंबईची एक मुलगी म्हणाली, "आजी, पण देऊळ कुणाच्या मालकीचं होतं?" बडवे, पुजारी, परंपरा असं बरंच समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण विठ्ठल तर सगळ्यांचा म्हणतात ना?" नऊ वर्षांची पोर. वारी करून आलेल्या माझ्या सासूबाई तिथेच बसून लसूण सोलत होत्या, त्या गप्प राहिल्या. सातव्या दिवशी दोघं सकाळीच दारात, "सुटलं का?" मी म्हटलं, "अजून नाही." जणू पेपरातच येणार होतं.

10 मेला लिहिलं, 'उपोषण सुटले. मंदिर खुले होणार.' सासूबाईंनी न सांगता लिंबाचं सरबत केलं, मोठं पातेलंभर. पहिला पेला मुंबईवाल्या पोरीला दिला.

बाकीचा महिना तसा सुस्तच गेला. 28 ला सावरकर लिहिले, 31 ला अहिल्याबाई, चौंडी, 1725. जामखेडकडची एक सून माहेरच्या अभिमानाने फळ्यासमोर फोटो काढून गेली.

1 जूनला काय लिहावं सुचेना, म्हणून 'आजचे वाढदिवस' असं शीर्षक टाकून गंमत म्हणून माझं नाव लिहिलं. खाली आळीतल्या पाच-सहा जणांची. दुपारपर्यंत ही बातमी पारावर गेली. संध्याकाळी धोतरवाले, काठीवाले एकेक करून ओट्याशी यायला लागले. फळा भरला, मग मी खालच्या फरशीवर लिहायला घेतलं. सगळ्यात शेवटी आमचे ऐंशीच्या पुढचे शेजारी आले, चष्मा पुसून सगळी नावं वाचली आणि म्हणाले, "माजं बी लिवा की, बाई. कुनी कदी लिवलंच न्हाई."