आज आईच्या गुडघ्यावर हात ठेवले

रेकीची, म्हणजे अंगावर हात ठेवून करायच्या जपानी उपचारपद्धतीची, पहिली डिग्री (शिकण्याची पहिली पायरी) घेतल्यापासून स्वतःवरच सराव चालला होता. आज फोंड्याला घरी गेले आणि आई आपणहून म्हणाली, "बघू गो, तुझी ती रेकी दे मला." तिला खुर्चीत बसवलं, तळवे गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना अलगद टेकवले. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं ठेवायचं. थोड्या वेळाने माझे तळहात उबदार झाले, बोटांच्या टोकांना बारीक मुंग्या आल्या. एरवी आई घडीभर एका जागी बसत नाही. आज तिचा चक्क डोळा लागला!

मिकाओ उसुईंनी १९२२ मध्ये जपानात ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. त्यांची पाच तत्त्वं 'फक्त आजच्या दिवसापुरती' आहेत: रागावू नको, काळजी करू नको, कृतज्ञ राहा, काम मन लावून कर, सगळ्यांशी प्रेमाने वाग. आयुष्यभराचं नाही, एका दिवसाचं. तेवढं मला झेपतं.

रेकीने गुडघ्याची झीज भरून येते असं काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आईच्या गोळ्या आणि व्यायाम चालूच राहणार. पण आज ती शांत झोपली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या रविवारी मावशीही येते म्हणालीय. तिची पाठ धरते.