डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून
आज लायब्ररीत गेले होते वेगळंच काहीतरी शोधायला आणि अख्खी दुपार अडकले सुहैर अल-कलमावीपाशी. कैरोची बाई, जन्म १९११ चा. व्हायचं होतं डॉक्टर, पण मेडिकलला अ‍ॅडमिशनच मिळेना, मग वळली अरबी साहित्याकडे, वर्गात सगळी मुलं आणि ही एकटी!! गुरू कोण, तर इजिप्तचे मोठे लेखक ताहा हुसेन. १९४१ ला डॉक्टरेट, विषय काय तर अरेबियन नाईट्स, म्हणजे ज्या गोष्टींना विद्वान मंडळी नाकं मुरडायची नेमक्या त्याच (हे मला फार आवडलं). पुढे त्याच डिपार्टमेंटची हेड, संसदेत पण गेली, बायकांच्या शिक्षणासाठी, हक्कांसाठी बोलत राहिली. कैरोचं पुस्तक प्रदर्शन १९६९ ला सुरू झालं तेही हिच्याच पुढाकाराने. आणि मला अरेबियन नाईट्समधली गोष्टी सांगणारी शहरजाद लहानपणापासून तोंडपाठ, ही मात्र आज कळतेय. शोधायला गेलेलं पुस्तक राहिलंच.